कुणाचं हाय ते?

आमच्या गावात यष्टीतून उतरलेला माणूस घरी पोचेपर्यंत त्याची तीन ठिकाणी नोंद होते. पहिली फाट्यावरच्या हॉटेलात. हॉटेल म्हणजे चार पत्रे, एक भट्टी आणि कालचा पेपर. तिथला चहावाला गाळणी धरल्या हातानं विचारतो, "कुणाकडं?" दुसरी नोंद मारुतीच्या पारावर. तिथं प्रश्न जरा खोलात जातो, "कुणाचं रं तू?" नाव सांगून सुटका नसते. नाव हा आमच्याकडं पुरावा धरत नाहीत. आजोबाचं नाव, मग आजोबाची विहीर कुठली, मग आईचं माहेर, असं करत करत माणूस नेमका जागेवर बसला की त्याला पुढं सोडतात. तिसरी नोंद आमच्या गल्लीच्या तोंडाला, ओट्यावर बसलेल्या काकूंकडं. काकू काही विचारत नाहीत, थेट जाहीर करतात. "थोरल्याचा जावई आला बरं का. पिशवी हलकी दिसायलीय."

गाव भूम आणि वाशीच्या मधे, म्हणजे दोन्हीकडची यष्टी चुकेल अशा बेताच्या ठिकाणी आहे. जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण काकूंचा ओटा जागचा हलला नाही. इथं गुपचूप काही करायची सोय नाही. पाहुणे मुलगी बघायला येणार हे मुलीच्या आधी गावाला कळतं.

तर अशा गावावर २०२४ च्या जून-जुलैत रात्रीचं काहीतरी फिरायला लागलं आणि ते कुणाचं हे काकूंनाही सांगता येईना.

भूम, परंडा, वाशी, पलीकडं बीड, जालना, नगर, सगळीकडून तीच बातमी. रात्री ड्रोन फिरतात, घरांवर घिरट्या घालतात. कोण उडवतंय, कशासाठी, पत्ता नाही. पोलिसांनी अफवांवर विश्वास ठेवू नका म्हणून सांगितलं. जालन्यातल्या अंतरवाली सराटीवर फिरणाऱ्या ड्रोनचा विषय विधानसभेच्या पावसाळी अधिवेशनातही निघाला. इकडं आमच्या गावात तरणी पोरं काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन गस्त घालायला लागली. एरवी जी पोरं पाण्याची मोटर बंद करायला रात्री उठत नाहीत, ती पहाटे चारपर्यंत आभाळाकडं माना करून उभी. गावातल्या अर्ध्या माना त्या महिन्यात आखडल्या.

"ते बघ, वर फिरायलंय!"

"कुठं?"

"लिंबाच्या शेंड्याला. लाल दिवा, हिरवा दिवा."

मग सगळ्या बॅटऱ्या लिंबाच्या शेंड्याकडं. एका रात्री अशा अकरा बॅटऱ्या अर्धा तास एकाच दिव्यावर रोखून धरल्या होत्या. दिवा जागचा हलेना. "थांबून बघायलंय," पोरं कुजबुजली. पहाटे कुणाच्या तरी लक्षात आलं की तो तारा आहे. दुसऱ्या रात्रीचा दिवा सरळ रेषेत पूर्वेला गेला, तो मुंबईहून हैदराबादला जाणाऱ्या विमानाचा असावा. त्यातल्या प्रवाशांना खिडकीतून खाली अकरा बॅटऱ्या दिसल्या असतील, तर त्यांनी आमच्याबद्दल काय तर्क केला असेल, देव जाणे.

तर्क आमच्याकडंही कमी नव्हते. कुणी म्हणालं, चोर टेहळणी करायलेत, कुठल्या घरात माणसं कमी ते बघून ठेवायलेत. कुणी म्हणालं, पवनचक्कीवाले जागा हेरायलेत. एकानं तर चीनपर्यंत मजल मारली. चीनला आमच्या गावात काय बघायचंय, असं विचारल्यावर तो जरा दुखावला. ह्या सगळ्यांत आबांचं म्हणणं मला पटलं. आबांचं वय अठ्ठ्याहत्तर, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा काढायचाय. ते म्हणाले, "ज्या चोराला असलं यंत्र घ्यायला परवडतंय, त्यो आपल्या गावात चोरी करायला कशाला यील?"

गंमत म्हणजे त्याच जूनच्या पहिल्या तारखेपासून राज्यात कानात टॅग नसलेलं जनावर बाजारात विकायला बंदी आली होती. पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडी नंबर. आमच्याकडच्या उस्मानाबादी शेळ्या काळ्याभोर, लांब कानांच्या. त्या कानात तो पिवळा बिल्ला असा शोभतो की शेळी लग्नाला निघाल्यासारखी वाटते. म्हणजे जमिनीवरच्या शेळीला बारा आकडे आणि आभाळातल्या यंत्राला एकही नाही. आबा म्हणाले, "वर कुणी कानच बघायला जात न्हाय, त्येचा हा घोटाळा."

हे आबांनी सहज म्हटलं, पण सगळ्या जगाचं घोडं तिथंच अडलंय.

माझा आतेभाऊ टेक्सासात असतो. त्याच्या पोराला छोटी विमानं उडवायचा नाद. त्याला फोन केला तर तो म्हणाला, इकडं ड्रोनला डबी लावावी लागते. त्याला म्हणायचं रिमोट आयडी. नव्या ड्रोनात ती कारखान्यातूनच बसवून येते, जुन्याला किंवा घरी बनवलेल्या विमानाला वरून बांधायची. काड्यापेटीएवढी वस्तू. ती दर सेकंदाला वायफाय नाहीतर ब्लूटूथवरून सांगत राहते: माझा नंबर अमुक, मी इथं आहे, एवढ्या उंचीवर, एवढ्या वेगानं चाललोय, आणि मी उडालो ते अमुक ठिकाणाहून. कारखान्याच्या ड्रोनात असली तर उडवणारा ह्या घडीला कुठं उभा आहे तेही सांगते. रस्त्यावरच्या कुणालाही फोनवर ते दिसतं. नियम २०२१ चा, पण लोकांना डब्या मिळेनात म्हणून सरकारनं कळ काढली आणि १६ मार्च २०२४ पासून खरी सक्ती केली. हौशी क्लबांची काही मैदानं सरकारनं ठरवून दिलीत, तिथं मात्र डबी नसली तरी चालतं. आणि हौसेखातर उडवलेलं पाव किलोच्या आतलं असेल तर डबी माफच.

मी हे सगळं पारावर समजावून सांगितलं. दर सेकंदाला सांगणं हा भाग कुणाला फारसा नवा वाटला नाही. दोघातिघांनी काकूंच्या ओट्याकडं बघितलं.

"मंजी फोनमधी उडवणाऱ्याचं नाव दिसतंय?" आबांनी विचारलं.

"नाव नाही दिसत आबा. नाव फक्त सरकारला आणि पोलिसांना. आपल्याला नंबर आणि तो कुठं उभा आहे ते."

"नंबर हाय, जागा हाय, अन् नाव न्हाय?" आबा खिन्न झाले. "मग कूळ कसं कळायचं?"

हा प्रश्न अमेरिकेच्या विमान खात्याला सुचलेला दिसत नाही.

आमच्या आभाळात ह्याआधी ड्रोन आलाच नव्हता असं नाही. स्वामित्व योजनेतला आला होता, गावठाण मोजायला. ह्या कामाचा प्रयोग आपल्या राज्यात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीला झाला आणि २०२० च्या २४ एप्रिलला दिल्लीनं देशभराची योजना जाहीर केली. तो ड्रोन भारतीय सर्वेक्षण विभागाचा, बरोबर भूमी अभिलेखचे कर्मचारी. आधी ग्रामसभा, मग दवंडी, मग प्रत्येकानं आपापल्या हद्दीवर चुन्याची रेघ मारायची, म्हणजे वरून फोटोत ती दिसते. त्या दिवशी गावात चुन्याची जी उधळण झाली ती कुणाच्या लग्नातही झाली नसेल. उकिरड्याभोवती रेघा, कडब्याच्या गंजीभोवती रेघा. एकानं तर रस्त्यावर बांधलेल्या म्हशीभोवती रेघ ओढली आणि म्हैस हलू नये म्हणून पोराला तिच्याजवळ बसवलं. ड्रोन आला, भुंगा घोंघावल्यासारखा सरळ रेघेत गेला, परत आला, संपलं. कुणी घाबरलं नाही, कारण तो कुणाचा हे माहीत होतं. सरकारचा. आणि सरकार आलं की काय करायचं हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे: चुना मारून घ्यायचा.

फवारणीच्या ड्रोनचंही तेच. बचत गटांच्या बायकांना १५ हजार ड्रोन द्यायची केंद्राची योजना आहे, नमो ड्रोन दीदी, किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत. शेजारच्या गावात अशी एक ताई आहे. दहा लिटरची टाकी भरून तिचा ड्रोन सोयाबीनवरून गेला की मागं औषधाचा धुरळा. मोठं आडदांड यंत्र, आवाज केवढा. पण त्याला कुणी बॅटरी रोखत नाही, कारण ते ड्रोन नाहीच, ते "पाटलाच्या धाकट्या सुनंचं मशीन" आहे. नोंदणी क्रमांक त्याच्यावर आहे की नाही, कुणी बघितलेला नाही. सून ओळखीची आहे, एवढं पुरतं.

आता मूळ भानगड. माझा पुतण्या पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. ड्रोनच्या रात्री तो सुट्टीवर घरी होता. त्याला गस्तीत काही रस वाटला नाही, पण आभाळात मात्र वाटला. दिवाळीला आला तो थर्माकोलचे तुकडे, दोन छोट्या मोटरी, बॅटरी आणि गोंदाच्या सहा नळ्या घेऊन. माळवदावर बसून त्यानं तीन हात पंखांचं विमान बनवायला घेतलं. मी त्याला म्हटलं, बाबा रे, गावाचा मूड बघ. लोक ताऱ्यांवर काठ्या उगारतायत. काय करायचं ते कायद्यानं कर.

म्हणून आम्ही दोघं कायदा वाचायला बसलो. २५ ऑगस्ट २०२१ चे ड्रोन नियम. मी सरकारी कागद वाचून म्हातारा झालेला माणूस आहे, आणि खरं सांगतो, हे वाचून मी जरा हबकलोच. आधीच्या नियमांत २५ अर्ज होते, ते ५ केले. फी ७२ प्रकारची होती, ती ४ प्रकारची. दंड जास्तीत जास्त १ लाख. नोंदणीची फी १०० रुपये. २०२३ पासून तर ड्रोनचा वैमानिक व्हायला पासपोर्टचीही गरज नाही. मतदार कार्ड, वाहन परवाना किंवा रेशन कार्ड चालतं. ज्या केशरी कार्डावर आमच्याकडं गहू-तांदूळ मिळतो, त्याच कार्डावर माणूस वैमानिक! आबांनी लगेच आपलं कार्ड आणायला नातीला पिटाळलं. पण अट वय १८ ते ६५ आणि दहावी पास. आबा दोन्हीकडून बसले. मग कळलं की हौसेसाठी उडवायच्या दोन किलोपर्यंतच्या ड्रोनला वैमानिकाचा दाखला लागतच नाही. तेव्हा आबा म्हणाले, "मग माझं कार्ड कशाला काढाय लावलं?" कुणी लावलं नव्हतं.

वजनाच्या पायऱ्या वाचल्यावर आबांचं मत आणखी पक्कं झालं. पाव किलोपर्यंत नॅनो, दोन किलोपर्यंत मायक्रो, पंचवीसपर्यंत स्मॉल, दीड क्विंटलपर्यंत मीडियम. "पाव किलो, दोन किलो, दीड क्विंटल... ह्यो कायदा कुण्या किराणावाल्यानं लिवलाय." आता वजन करायचं तर काटा हवा. आमच्या भागात खव्याच्या भट्ट्या आहेत, तिथल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर विमान ठेवलं. नुसतं थर्माकोल २३५ ग्रॅम. पुतण्या खूश. भट्टीवाला म्हणाला, "पाव किलोला कमी हाय, थोडा खवा टाकू का वर?" मग बॅटरी आणि मोटरी चढवल्या, ४२० ग्रॅम. नॅनोतून मायक्रोत गेलो. वर काट्याला खवा लागलेला होता तो पंखाला चिकटला. हे मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं ते महत्त्वाचं ठरलं.

पुढं आणखी एक सवलत निघाली. करमणुकीसाठी उडवायचं मॉडेल विमान, २५ किलोच्या आत, आणि डोळ्याच्या टप्प्यात, असं असेल तर त्याला प्रकार प्रमाणपत्राची भानगड नाही. "डोळ्याच्या टप्प्यात मंजी," आबांनी विचारलं, "कुणाच्या डोळ्याच्या? माझ्या का ह्याच्या?"

ड्रोन कुठं उडवायचा त्याचा नकाशाही आहे, हिरवा, पिवळा, लाल. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत उडवायला परवानगी नको. पुतण्यानं मोबाइलवर आमचं गाव शोधलं. हिरवं! पुन्हा बघितलं, हिरवंच. ज्या मुलखाचा नकाशा टँकर मोजायला काढतात, त्या मुलखातलं गाव सरकारनं हिरवं दाखवल्याचं मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. थोडा वेळ आम्ही दोघंही तो नकाशा नुसता बघत बसलो.

अमेरिकेतल्या डबीचं आपल्याकडं काय, असा प्रश्न पडेल. तर आपल्या नियमात तिची जागा ठेवली आहे. परवानगी नसेल तर ड्रोन जागचा उठूच नये अशी यंत्रणा, क्षणाक्षणाला ठिकाण सांगणारा बीकन, हद्दीबाहेर जाऊ न देणारं अदृश्य कुंपण. सरकार पुढं अधिसूचना काढून ह्यांची सक्ती करू शकतं आणि काढली की निदान ६ महिन्यांची मुदत द्यायची. ह्याआधी २०१८ साली जे पहिले नियम आले ते ह्या बाबतीत फार हौशी होते. त्यांत सिम कार्ड होतं, लुकलुकणारे दिवे होते आणि एक अग्निरोधक पाटी होती. पाटीवर ड्रोनचा नंबर कोरायचा. म्हणजे ड्रोन जळून खाक झाला तरी नंबर शिल्लक राहावा. लिहिणाऱ्यानं केवढा पुढचा विचार केला होता! देह जाईल, नंबर राहील.

तसं आपल्या देशात कायद्यानं कशाला विमान म्हणायचं ह्याला मर्यादा नाही. २०२४ अखेरपर्यंत चाललेल्या १९३४ च्या विमान कायद्याच्या व्याख्येत फुगे होते आणि चक्क पतंगही होते. म्हणजे संक्रांतीला मी लहानपणी आमच्या माळवदावरून किती विमानं उडवली, किती कापली आणि किती दुसऱ्याची ढापली, ह्याचा हिशेब लागला तर अवघड आहे. आणि १८९५ साली शिवकर बापूजी तळपद्यांनी चौपाटीवर विमान उडवलं की नाही, ह्यावर लोक अजून भांडतात. त्याला एखादी डबी बांधली असती तर इतकी वर्षं कागद वाया गेले नसते.

पुतण्यानं १०० रुपये भरले, नंबर मिळवला. आकडे आणि अक्षरांची लांबलचक माळ. आता तो विमानावर लिहायचा. थर्माकोलवर पेन चालेना. गावातला पेंटर म्हणाला, मी ऑइलपेंटनं काढून देतो. पेंटरचा हात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर बसलेला. त्यानं डाव्या पंखावर आधी कमळ काढलं, मग "आई तुळजाभवानी प्रसन्न", मग "आबांचा आशीर्वाद". नंबरला जागा उरली नाही. "नंबर कुणी वाचत नसतंय दादा," तो म्हणाला. शेवटी पुतण्यानं नंबर कागदावर छापून उजव्या पंखाला खळीनं चिकटवला. खळ काकूंनी करून दिली, गव्हाच्या पिठाची, चांगली घट्ट.

उडवायचा मुहूर्त ठरला वेळ अमावस्येचा, ३० डिसेंबर २०२४. लातूर-धाराशिवकडची ही अमावस्या माहीत नसेल तर एवढंच सांगतो, त्या दिवशी गावात कुत्रंही सापडत नाही, सगळं गाव रानात. ज्वारी कमरेला आलेली, मधे कडब्याची कोप, कोपीत पांडव मांडलेले, आणि बाहेर भज्जी, बाजरीचे उंडे, माठातलं आंबील. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही ओढून जेवायला बसवतात. अर्थात आधी तो कुणाचा हे विचारून.

जेवणं झाल्यावर पुतण्यानं विमान हातातून फेकलं. ते उडालं! खरंच उडालं. गिरकी घेतली, कोपीवरून गेलं, आबांनी टोपी धरली, पोरं ओरडत पळाली. काकू म्हणाल्या, "थोरल्याच्या पोराचं हाय." त्या क्षणापुरतं ते जगातलं सगळ्यांत नीट ओळख पटलेलं विमान होतं. नंबर पंखावर, कूळ काकूंच्या तोंडी, वजन भट्टीवर मोजलेलं, हिरव्या नकाशात, डोळ्याच्या टप्प्यात. मग वारा सुटला, विमान ओढ्यापलीकडं बाभळींच्या मागं गेलं, आणि डोळ्याचा टप्पा संपला.

अर्ध्या तासानं शेळ्या राखणारं एक पोर ते बगलेत मारून घेऊन आलं. डावा पंख ठीक होता. कमळ, आई तुळजाभवानी, आबांचा आशीर्वाद, सगळं जागच्या जागी. उजव्या पंखाचा कडेचा तुकडा उडालेला आणि वर चिकटवलेला कागद पार नाहीसा. गव्हाची खळ, त्याखाली खवा. कुठल्याही समजदार शेळीनं तेच केलं असतं.

"काका," पोरानं विचारलं, "कुणाचं हाय हे?"

पुतण्या पंखाकडं बघत राहिला. अग्निरोधक पाटीचा विचार करणाऱ्यांना शेळीरोधक पाटी काही सुचली नव्हती. मग त्याच्यातला इंजिनिअर जागा झाला. भरपाईचा मुद्दा होता, दोन मोटरींपैकी एक वाकली होती.

"शेळी कुणाची होती?" त्यानं मोठ्यानं विचारलं.

आता ओढ्यापलीकडं तीस-चाळीस शेळ्या चरत होत्या. प्रत्येकीच्या कानात बारा आकडे शाबूत. कुठली कुणाची, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला डोळे मिटून सांगता आलं असतं. पण सगळ्यांना एकदम आंबिलाची तहान लागली. आबांनी आपला मोतीबिंदूचा डोळा ओढ्याकडं केला. मी काकूंकडं बघितलं.

"मला बाई," काकू उंडा मोडत म्हणाल्या, "सगळ्या शेळ्या एकसारख्याच दिसत्यात."